स्पॅनिश शिकायला आधी इंग्रजी कशाला? सातारा-सांगलीच्या वर्गात चालेल अशी ‘चित्रांची वही’

‘मला द्राक्षं आवडतात.’

तासगावच्या कुठल्याही पोराला हे वाक्य बोलताना विचार करावा लागत नाही. हेच वाक्य स्पॅनिशमध्ये असं होतं : ‘मे गुस्तान लास उवास’. ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्तान’ म्हणजे आवडतात आणि ‘लास उवास’ म्हणजे द्राक्षं. द्राक्षं अनेक आहेत म्हणून मराठीत ‘आवडतात’ येतं आणि स्पॅनिशमध्ये ‘गुस्तान’. एकच द्राक्ष असेल तर मराठीत ‘आवडतं’, स्पॅनिशमध्ये ‘गुस्ता’.

इंग्रजीत मात्र ‘आय लाइक’ म्हणतात. तिथे आवडण्याचं काम ‘मी’ करतो. म्हणूनच इंग्रजी भाषिकांना स्पॅनिशमधलं हे वाक्य उलटं वाटतं आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांत त्यावर पानंच्या पानं खर्च होतात. मराठी पोरांसाठी यात उलटं काहीच नाही. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे परदेशी भाषेची पुस्तकं, व्हिडिओ आणि ॲप बहुतेक इंग्रजीतून समजावतात. त्यामुळे मराठी विचार आधी इंग्रजीत न्यायचा आणि तिथून स्पॅनिशमध्ये, असा दुहेरी हेलपाटा पडतो. ज्याचं इंग्रजी कच्चं, त्याला वाटतं की स्पॅनिश आपल्यासाठी नाहीच.

हा हेलपाटा टाळायचा सोपा मार्ग म्हणजे चित्र. चित्राला भाषा नसते. द्राक्षाचा घड काढला की त्याखाली थेट ‘उवा’ लिहिता येतं, मध्ये इंग्रजी शब्द लागत नाही. जगभरातले भाषाशिक्षक वापरतात ती ‘व्हिज्युअल नोट्स’ म्हणजेच चित्र-नोंदींची पद्धत नेमकी काय आहे आणि सातारा-सांगलीच्या साध्या वर्गात ती कशी वापरता येईल, ते पाहू.

चित्र-नोंद म्हणजे काय?

शिकलेली गोष्ट ओळीमागून ओळ न लिहिता चित्र, बाण, चौकटी, रंग आणि मोजके शब्द वापरून एका पानावर मांडणं म्हणजे चित्र-नोंद. तिचे प्रकार बरेच आहेत. मध्यभागी विषय लिहून चारी बाजूंना फांद्या काढल्या की माइंड मॅप होतो. ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात तो लोकप्रिय केला. ऐकता ऐकता शब्द आणि रेखाचित्रं एकत्र उतरवली की स्केचनोट. हा शब्द अमेरिकन डिझायनर माइक रोडी यांनी रूढ केला आणि २०१२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. याशिवाय तक्ते, वंशवृक्ष, घडीची पानं, कार्डं हे सगळं याच कुटुंबातलं.

कल्पना मात्र जुनी आहे. १६५८ मध्ये कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं ‘ऑर्बिस पिक्टस’ हे मुलांसाठीचं सचित्र पाठ्यपुस्तक आलं. त्यात चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा होता आणि त्या आकड्यापुढे लॅटिन शब्द. म्हणजे पुस्तकातलं चित्र परदेशी भाषा शिकवण्यासाठी वापरण्याची कल्पना साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे.

साताऱ्यालाही चित्रातून गोष्ट सांगण्याची परंपरा आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचं ‘चित्ररामायण’ १९१६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यांनी उभारलेलं औंधचं श्रीभवानी संग्रहालय आजही पाहायला मिळतं.

पण स्पॅनिशच का?

स्पॅनिश ही २० देशांची अधिकृत भाषा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक आहे आणि सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर देता येतील अशा परदेशी भाषांची जी उदाहरणं दिली आहेत, त्यात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज आणि रशियनसोबत स्पॅनिशही आहे. पुण्यात विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात ती शिकता येते. दिल्लीत स्पेन सरकारच्या ‘इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस’ची शाखा आहे आणि ‘डेले’ नावाची जगभर मान्य असलेली स्पॅनिशची परीक्षा हीच संस्था घेते.

गावातल्या शाळेत हे जमेल का? छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट या गावच्या जिल्हा परिषद शाळेनं २०१९ मध्ये परदेशी भाषेचा उपक्रम हाती घेतला. मुलांनाच भाषा निवडायला सांगितलं, तर बहुतेकांनी जपानी निवडली. रोबो आणि तंत्रज्ञानाचं त्यांना आकर्षण होतं. इंटरनेटवरचं साहित्य हाताशी घेऊन ही मुलं जपानी बोलू लागली आणि देशभर त्याची बातमी झाली. जपानीसारख्या वेगळ्या लिपीच्या भाषेत हे होत असेल, तर स्पॅनिश त्या मानानं बरीच जवळची आहे.

चित्रानं शब्द लक्षात का राहतो?

यामागे काही ठोस अभ्यास आहेत.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ यांनी १९७१ मध्ये ‘ड्युअल कोडिंग’चा सिद्धांत मांडला. एखादी गोष्ट शब्द आणि प्रतिमा अशा दोन रूपांत साठवली की आठवताना दोन वाटा मिळतात. एक बंद झाली तर दुसरी उघडी असते.

२०१६ मध्ये वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही शब्द लोकांना वारंवार लिहायला सांगितले आणि काहींची चित्रं काढायला सांगितली. चित्र काढलेले शब्द जास्त आठवले. चित्र चांगलं आलं की वाईट, यानं फरक पडला नाही. ‘मला चित्रकला येत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी ही आनंदाची बातमी आहे. काम करतं ते काढणं. वस्तू कशी दिसते हे आठवायचं, हात चालवायचा आणि काढलेलं पाहायचं, या तिन्ही गोष्टी एकदम होतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. शिक्षकानं काढून दिलेलं किंवा इंटरनेटवरून छापलेलं देखणं चित्र आणि मुलानं स्वतः काढलेलं वेडंवाकडं चित्र यांत दुसरं जास्त कामाचं.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. ‘अमुक मूल व्हिज्युअल लर्नर आहे, त्याला चित्रानंच समजतं’ असं सर्रास म्हटलं जातं. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या एका गटानं यावरचे अभ्यास तपासले, तेव्हा मुलांचे असे प्रकार पाडून त्यानुसार शिकवल्यानं फायदा होतो याचा पुरेसा पुरावा सापडला नाही. चित्राचा उपयोग सगळ्यांनाच होतो.

पान पहिलं : आवाजांचा तक्ता

स्पॅनिश रोमन लिपीत लिहितात, म्हणून मुलं ती इंग्रजीसारखी वाचतात. पहिली चूक इथेच होते. मराठी जिभेला स्पॅनिश उच्चार इंग्रजीपेक्षा सोपे आहेत. स्पॅनिशचा ‘टी’ हा आपला ‘त’ आहे आणि ‘डी’ बराचसा आपला ‘द’. पाच स्वर आहेत : आ, ए, इ, ओ, उ. इंग्रजीसारखे ते शब्दागणिक बदलत नाहीत.

म्हणून वहीचं पहिलं पान तीन रकान्यांचं करायचं. पहिल्यात रोमन अक्षर, दुसऱ्यात देवनागरी आवाज, तिसऱ्यात त्या आवाजाच्या शब्दाचं चित्र. लक्षात ठेवायच्या जागा मोजक्याच आहेत :

- ‘एच’ मुका असतो. ‘ओला’ म्हणजे नमस्कार, पण लिहिताना सुरुवातीला एच येतो.
- ‘व्ही’ आणि ‘बी’ दोन्हींचा उच्चार ब. गाय म्हणजे ‘बाका’, लिहिताना मात्र व्ही.
- ‘जे’चा उच्चार घशातून येणाऱ्या ख-ह सारखा.
- दोन ‘एल’ जोडून आले की बहुतेक ठिकाणी य. घोडा म्हणजे ‘काबायो’.
- डोक्यावर लाट असलेला ‘एन’ म्हणजे न्य.
- एक ‘आर’ आणि दोन ‘आर’ यांत अर्थ बदलतो. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. कुत्र्याचं चित्र काढून त्याच्या शेपटीवर दोन आर लिहिले की विषय संपला.

देवनागरी रकाना पेन्सिलीनं लिहायचा. ती कुबडी आहे. महिन्या-दोन महिन्यांनी डोळे रोमन अक्षरांना सरावले की ती खोडून टाकायची.

शब्दाला खुंटी हवी

नवा शब्द लक्षात ठेवायचा तर तो डोक्यातल्या जुन्या शब्दाला टांगावा लागतो. १९७५ मध्ये स्टॅनफर्डचे संशोधक मायकेल रॉ आणि रिचर्ड ॲटकिन्सन यांनी ‘कीवर्ड’ पद्धत तपासली, तीही स्पॅनिश शब्दांवरच. परक्या शब्दासारखा ऐकू येणारा आपल्या भाषेतला शब्द शोधायचा आणि दोन्हींचं मिळून एक गमतीशीर चित्र डोळ्यांसमोर आणायचं. ज्यांनी हे केलं त्यांना शब्द कितीतरी जास्त आठवले.

त्यांच्या खुंट्या इंग्रजी होत्या. आपल्याला मराठी खुंट्या लागतील, आणि त्या भरपूर आहेत :

- ‘आग्वा’ म्हणजे पाणी. चित्र : आग लागली आहे आणि कुणीतरी आग्वा ओततंय.
- ‘रोपा’ म्हणजे कपडे. चित्र : सदरा घातलेलं रोप.
- ‘लाता’ म्हणजे पत्र्याचा डबा. चित्र : डब्याला बसलेली लाथ.
- ‘बाका’ म्हणजे गाय. चित्र : वर्गातल्या बाकावर बसलेली गाय.
- ‘मेसा’ म्हणजे टेबल. चित्र : हॉस्टेलच्या मेसमधलं टेबल.
- ‘मानो’ म्हणजे हात. चित्र : मानेवर ठेवलेला हात.
- ‘कामा’ म्हणजे पलंग. चित्र : काम सोडून पलंगावर लोळणारा माणूस.

चित्र जितकं विचित्र, तितकं पक्कं बसतं. मुलांना स्वतःच्या खुंट्या शोधायला सांगितल्या की वर्गात हशा पिकतो आणि शब्दही राहतो. मात्र खुंटीवर टांगलेला शब्द वाक्यात वापरला नाही तर काही आठवड्यांत तोही निसटतो. त्यामुळे प्रत्येक चित्राखाली त्या शब्दाचं एक छोटं वाक्य हवंच.

काही शब्द घरातच आहेत

काही शब्दांना खुंटीचीही गरज नाही, कारण त्यांची भावंडं मराठीत चारशे वर्षांपासून नांदत आहेत. ती आली पोर्तुगीजांबरोबर. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या लॅटिनच्या लेकी, म्हणून शब्द जुळतात. आपला पाव स्पॅनिशमध्ये ‘पान’. बटाटा तिथे ‘पाताता’. पगार हा शब्द ‘पागार’ म्हणजे पैसे देणं याच्या घराण्यातला. बादलीला अनेक स्पॅनिश भाषिक देशांत ‘बाल्दे’ म्हणतात. पाद्री म्हणजे ‘पाद्रे’, आणि स्पॅनिशमध्ये त्याचा मूळ अर्थ वडील.

काही शब्द उलट दिशेनं, आपल्याकडून तिकडे गेले. सातारा-सांगली हा उसाचा पट्टा. साखरेला स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’ म्हणतात. संस्कृतमधली शर्करा फारसीत आणि अरबीत गेली, अरबांनी ती स्पेनला नेली. नारिंगाचंही तसंच. स्पॅनिश ‘नारान्खा’ची मुळं नारंगापर्यंत जातात. याचं पान म्हणजे एक नकाशा : भारत, इराण, अरबस्तान आणि स्पेन, मध्ये बाण, प्रत्येक थांब्यावर शब्दाचं बदललेलं रूप. भाषेच्या तासात इतिहास आणि भूगोलही होऊन जातो.

सांगलीसाठी तर एक खास पान आहे : बुद्धिबळाचं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी वाढवलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे सांगलीत हा खेळ घरोघरी ओळखीचा आहे. स्पॅनिशमध्ये बुद्धिबळाला ‘आखेद्रेस’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या ‘चतुरंग’चाच पणतू आहे. पट काढून त्यावर सोंगट्यांची नावं लिहिली की सहा शब्द एका पानात येतात : राजा ‘रेय’, वजीर ‘दामा’, घोडा ‘काबायो’, प्यादं ‘पेओन’, हत्ती ‘तोर्रे’ आणि उंट ‘आल्फिल’.

यात एक गंमत दडली आहे. ‘तोर्रे’चा अर्थ बुरूज. आणि आपण जिला उंट म्हणतो त्या सोंगटीचं ‘आल्फिल’ हे नाव अरबीतल्या ‘अल-फील’वरून आलं, ज्याचा अर्थ आहे हत्ती! म्हणजे स्पॅनिश हत्ती तिरका चालतो आणि मराठी हत्ती सरळ. पटावर दोन बाणांची फुली मारून हे दाखवलं की ते पान विसरणं अवघड.

‘तो’ आणि ‘ती’ : दोन रंगांची युक्ती

स्पॅनिशमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं, तेही निर्जीव वस्तूंना. इंग्रजीतून येणारा इथे गोंधळतो. मराठी मुलाला यात काहीच नवं नाही. आपण ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ म्हणतो, तसंच स्पॅनिशमध्ये ‘बुएनो’ आणि ‘बुएना’ होतं. उलट आपल्याकडे तीन लिंगं आहेत, तिथे दोनच.

अडचण एवढीच की लिंगं जुळत नाहीत. आपला चंद्र तो, स्पॅनिशचा ‘ला लुना’ ती. आपलं घर ते, तिकडचं ‘ला कासा’ ती. पुस्तक आपल्याकडे ते, तिकडे ‘एल लिब्रो’ तो.

उपाय सोपा आहे. वहीत पुल्लिंगी नामं कायम निळ्या पेननं आणि स्त्रीलिंगी हिरव्या पेननं लिहायची. नामाबरोबर ‘एल’ किंवा ‘ला’ नेहमी हवंच. बहुतेक ओकारान्त शब्द निळे असतात आणि आकारान्त हिरवे. जे नियम मोडतात त्यांना लाल चौकट. ‘ला मानो’ म्हणजे हात, ओकारान्त असून स्त्रीलिंगी. ‘एल दीआ’ म्हणजे दिवस, आकारान्त असून पुल्लिंगी. महिनाभरात लाल चौकटींचं एक वेगळं पान तयार होतं आणि परीक्षेआधी तेवढंच चाळलं तरी बरंच काम होतं.

जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना असं तो-ती लावत नाहीत. त्यामुळे घरात कन्नड बोलणाऱ्या मुलांना रंगांची गरज जास्त पडेल. पण ‘मला आवडतं’च्या बाबतीत कन्नड आणि मराठी दोन्ही स्पॅनिशच्या बाजूनं आहेत. कन्नडमध्येही ‘ननगे’ म्हणजे ‘मला’ असंच म्हणतात.

‘मे गुस्ता’चं चित्र

सुरुवातीचं वाक्य आता पानावर आणू. डावीकडे द्राक्षाचा घड, उजवीकडे माणूस. बाण द्राक्षाकडून माणसाकडे. बाणावर ‘गुस्तान’, माणसाखाली ‘मे’. आता नुसता माणूस बदलायचा : मला ‘मे’, तुला ‘ते’, त्याला किंवा तिला ‘ले’, आम्हाला ‘नोस’. वस्तू बदलली की फक्त एक की अनेक ते पाहायचं. स्ट्रॉबेरी म्हणजे ‘फ्रेसा’. ‘ले गुस्ता ला फ्रेसा’ म्हणजे तिला स्ट्रॉबेरी आवडते.

महाबळेश्वरच्या पोराला हे वाक्य बनवायला एक चित्र आणि एक बाण पुरतो. इंग्रजीचा विषयही निघत नाही.

‘आहे’ एक, पण स्पॅनिशमध्ये दोन

आता मराठी माणसाला खरोखर अवघड जाणारी जागा. आपल्या ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत : ‘सेर’ आणि ‘एस्तार’. ढोबळमानानं, ओळख किंवा मूळ गुण सांगायचा तर सेर, ठिकाण किंवा सध्याची स्थिती सांगायची तर एस्तार.

इथेही मराठीच मदतीला येते. ‘मी सांगलीची आहे’ आणि ‘मी सांगलीत आहे’ ही वाक्यं बघा. पहिल्यात ओळख आहे, दुसऱ्यात ठिकाण. मराठीत फरक ‘ची’ आणि ‘त’ दाखवतात, स्पॅनिशमध्ये क्रियापदच बदलतं : ‘सोय दे सांगली’ आणि ‘एस्तोय एन सांगली’. पानाचे दोन भाग करा. एकीकडे आधार कार्ड काढा, दुसरीकडे नकाशावरची खूण. पहिल्याखाली सेरची वाक्यं, दुसऱ्याखाली एस्तारची.

पुढची पायरी द्राक्षाची. ‘ला उवा एस बेर्दे’ म्हणजे द्राक्ष हिरवं आहे, तो त्याचा रंग. ‘ला उवा एस्ता बेर्दे’ म्हणजे द्राक्ष अजून कच्चं आहे. बागायतदाराच्या मुलाला या दोन्हींतला फरक सांगावा लागत नाही. पहिल्यात काढणीला आलेला हिरवा घड, दुसऱ्यात तोंड वाकडं करणारा माणूस, एवढी दोन चित्रं पुरतात.

क्रियापदाचं घर आणि नात्यांचं झाड

क्रियापदाची रूपं घोकण्याऐवजी सहा खिडक्यांचं घर काढता येतं. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन खिडक्या. डावीकडे एकवचन, उजवीकडे अनेकवचन. ‘आब्लार’ म्हणजे बोलणं. खिडक्यांत ‘आब्लो, आब्लास, आब्ला’ आणि ‘आब्लामोस, आब्लाइस, आब्लान’. घर तेच ठेवून दुसरं क्रियापद राहायला आणायचं. मराठीत मुलगा ‘मी बोलतो’ म्हणतो आणि मुलगी ‘मी बोलते’, स्पॅनिशमध्ये दोघंही ‘आब्लो’ म्हणतात, तेवढं एक ओझं कमी.

नात्यांसाठी झाड. इथे आपली श्रीमंती कळते. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना स्पॅनिशमध्ये एकच शब्द आहे, ‘तीआ’. काका आणि मामा दोघंही ‘तीओ’. मराठी झाडाच्या चार फांद्या एका स्पॅनिश शब्दाकडे येताना दाखवल्या की मुलांना भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द नसतो, हेही आपोआप कळतं.

चाळीस मिनिटांचा तास कसा घ्यायचा?

पन्नास-साठ मुलं, एक फळा, खडू आणि शंभर पानी वही. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

1. पहिली पाच मिनिटं वही बंद. मागच्या तासाचं पान आठवून कोऱ्या कागदावर काढायचं. मग वही उघडून चुका दुरुस्त करायच्या.
2. पुढची दहा मिनिटं फक्त ऐकणं आणि बोलणं. शिक्षक फळ्यावर चित्र काढतो आणि शब्द म्हणतो, मुलं मागून म्हणतात. या वेळी काहीही लिहायचं नाही.
3. मग दहा मिनिटं प्रत्येकानं स्वतःचं चित्र काढायचं. पाच ते सात शब्द पुरेत.
4. पुढची दहा मिनिटं जोडीत. शब्दांवर हात ठेवायचा आणि चित्र बघून शेजाऱ्याला वाक्य सांगायचं.
5. शेवटची पाच मिनिटं चित्राखाली एकेक वाक्य लिहायचं.

वहीला आवाज नसतो, ही या पद्धतीची मोठी मर्यादा आहे. त्यावर महाराष्ट्रातच सापडलेला एक उपाय आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. उच्चारांची ध्वनिफीत करून तिचा क्यूआर कोड पानावर चिकटवला, की घरी पालकांच्या मोबाइलवर शब्द ऐकता येतो. तेही शक्य नसेल तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवड्याच्या शब्दांचा एक ऑडिओ पुरतो.

कुठे फसतं?

पहिला धोका सजावटीचा. स्केचपेन, स्टिकर, चमकी यात तास निघून जातो आणि पान इन्स्टाग्रामवर टाकण्यासारखं होतं, पण स्पॅनिश येत नाही. विषयाशी संबंध नसलेली सजावट शिकण्यात अडथळा आणते, हे रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. नियम सोपा : जी रेघ अर्थ सांगत नाही ती काढायची नाही.

दुसरा धोका त्याहून मोठा. पान तयार झालं की शिकणं झालं, असं वाटतं. २०११ मध्ये जेफ्री कार्पिक आणि जेनेल ब्लंट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून त्याचा संकल्पना-नकाशा काढला, काहींनी मजकूर बाजूला ठेवून आठवून लिहिला. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणूनच वरच्या तासाची सुरुवात बंद वहीनं होते. चित्र बघत बसण्यापेक्षा ते झाकून आठवण्यातून शिकणं घडतं.

तिसरी गोष्ट, सगळ्याचं चित्र होत नाही. ‘पण’, ‘तरीही’, ‘कदाचित’ यांचं चित्र ओढूनताणून काढण्यात अर्थ नाही. ते वाक्यात वापरूनच येतात.

थोडक्यात

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. सातारा हे मुख्यालय असलेल्या या संस्थेनं गरीब घरातल्या, शिकण्याची संधी नसलेल्या पोरांसाठी शाळेची दारं उघडली. परदेशी भाषांच्या दारावर आज इंग्रजीचा पहारा आहे. सातारा-सांगलीच्या पोरांकडे तीन लिंगांची, ‘मला आवडतं’ म्हणणारी, ‘त’ आणि ‘द’ नीट उच्चारणारी भाषा आधीच आहे. स्पॅनिशसाठी ही तयारी बरीच मोठी आहे.

तुम्ही शिक्षक असाल किंवा घरी स्वतः शिकत असाल, तर या चार गोष्टी लक्षात ठेवा :

- चित्र स्वतः काढा, वाकडं आलं तरी चालेल.
- चित्राखाली थेट स्पॅनिश लिहा, समजावून घ्यायला मराठी वापरा.
- पुल्लिंगी निळं, स्त्रीलिंगी हिरवं, अपवादांना लाल चौकट.
- दुसऱ्या दिवशी वही न उघडता पान पुन्हा काढा.

सुरुवात आजही करता येते. एक द्राक्षाचा घड काढा, एक बाण काढा आणि मोठ्यानं म्हणा, ‘मे गुस्तान लास उवास’.